वकील न लावता ग्राहक आयोगात केस : 5 पैकी साडेतीन स्टार

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगते. दुकानाचा नाहीये (नाव टाकणार नाही, इनबॉक्समध्ये पण विचारू नका), कुठल्या ऑफिसचा किंवा तिथल्या माणसांचा पण नाही. वकील न लावता आपली तक्रार आपणच जिल्हा ग्राहक आयोगात चालवायची, या प्रकाराचा रिव्ह्यू आहे. मी ते केलंय, आणि तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले, ऑफिसमधले सगळे मलाच विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू.

मॅटर असं होतं. नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन करून घेतलं. ठरलं 1 लाख 40 हजार, त्यातले सव्वा लाख दिले, काही यूपीआयने काही कॅश. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं, बीडब्ल्यूपी मरीन प्लाय, वॉटरप्रूफ, 10 वर्ष वॉरंटी. पहिला पावसाळा गेला आणि सिंकखालची शटर्स आणि साइड पॅनल खालून फुगायला लागली, चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखी. दुकानदाराला फोन केला तर आधी "ताई माणूस पाठवतो", मग "ताई सीझन चालू आहे", मग फोन उचलणंच बंद.

शेवटी ओळखीचे एक मिस्त्री आले, त्यांनी शटरचं बिजागर खोललं. बिजागराची वाटी बसवायला शटरला आतून 35 एमएमचा गोल खड्डा मारलेला असतो, त्या खड्ड्याच्या कडेला आतला माल उघडा दिसतो. प्लाय असेल तर एकावर एक थर दिसतात. इथे थर नव्हतेच, नुसता दाबलेला भुसा, नख लावलं की सुटून येत होता. मिस्त्री म्हणाले, "ताई, हा प्लाय नाहीच, पार्टिकल बोर्ड आहे, वरून सनमायका मारला की कोणाला कळतंय." मरीन प्लायच्या शीटवर आयएस 710 चा शिक्का असतो, साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायवर आयएस 303, पण लॅमिनेट चिकटवलं की शिक्का झाकला जातो, त्यामुळे कारखान्यातून माल यायच्या आधी शीट बघायची सोय असेल तर बघून घ्या. त्या खड्ड्याचा मी पट्टी लावून क्लोज-अप फोटो काढला. पुढे अख्ख्या केसमध्ये सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट म्हणजे तो एक फोटो.

आता मुद्द्यावर. लोकांना भीती कशाची वाटते तर उभं राहून बोलायची. "मला कायद्याचं बोलता येत नाही हो." अहो बोलायला लागतंच किती! इथे ऐकण्यापेक्षा वाचणं जास्त चालतं. तुमचा तक्रार अर्ज, शपथपत्र, कागद आणि शेवटी लेखी युक्तिवाद. म्हणजे केसचा बराचसा निकाल तुमच्या डायनिंग टेबलवर लागतो, फाइल बनवताना. घाबरायचंच असेल तर कागदाला घाबरा, माइकला नाही.

फीबद्दल पूर्ण स्टार. 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. 5 ते 10 लाख 200 रुपये, 10 ते 20 लाख 400, 20 ते 50 लाख 1000. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख, त्याच्या वर राज्य आयोग, 2 कोटीच्या वर राष्ट्रीय. आणि हे आकडे तुम्ही दिलेल्या किमतीवर धरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला तेव्हापासून असंच आहे, आधीच्या कायद्यात किंमत अधिक भरपाई अशी बेरीज व्हायची. त्यामुळे जुना अनुभव असलेले काका "भरपाई कमी माग, नाहीतर फी वाढेल" असं सांगतील, ते आता लागू नाही. माझी फी शून्य. खर्च झाला तो झेरॉक्स, नोटरी, पोस्ट आणि पार्किंगचा (सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू असताना सीबीएस बसस्टँडच्या आसपास गाडी लावून दाखवा, त्याला वेगळं बक्षीस).

दुसरी चांगली गोष्ट, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पूर्वी बऱ्याचदा कंपनी जिथे तिथे पळावं लागायचं. आता गुरुग्रामच्या ऑनलाइन कंपनीवर पण नाशिकमध्ये बसून केस टाकता येते. मराठीत अर्ज चालतो. व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागायची सोय कायद्यातच आहे. आणि फाइलिंग ऑनलाइन, आधी ई-दाखिल पोर्टल होतं, 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती आलं. स्कॅन सरळ आणि स्वच्छ करा, पानांवर नंबर टाका, मोबाइलने तिरके काढलेले फोटो पीडीएफ म्हणून चढवू नका. ऑनलाइन टाकलं तरी कागदी सेट हाताशी ठेवाच, आयोगाला, तुम्हाला आणि प्रत्येक सामनेवाल्याला (म्हणजे ज्याच्यावर तक्रार आहे त्याला) एकेक.

मुदत लक्षात ठेवा, 2 वर्षं. वादाचं कारण घडल्यापासून. दुकानदार "बघतो, करतो" म्हणत गोड बोलत राहतो ना, त्या गोड बोलण्याने मुदत आपोआप वाढत नाही. उशीर झालाच तर कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण ते मान्य होईलच असं नाही, मग कशाला त्या भानगडीत पडायचं.

नोटीस. कायद्याने आधी नोटीस पाठवलीच पाहिजे अशी सक्ती नाहीये, तरी पाठवा. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही, साध्या कागदावर, काय घेतलं, किती दिले, काय बिघडलं, काय पाहिजे, किती दिवसात, खाली सही. स्पीड पोस्टने. (पूर्वी रजिस्टर एडी म्हणायचो, 2025 मध्ये पोस्टाने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळून टाकलं.) ट्रॅकिंगचं पान प्रिंट करून ठेवा. माझ्या नोटिशीला उत्तर आलं नाही, आणि उत्तर न येणं पण फाइलमध्ये बोलतं.

त्याआधी 1915 ला फोन करून बघायला हरकत नाही, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलतात. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बऱ्याचदा तिथेच मिटतं, कारण त्यातल्या बऱ्याच कंपन्या या हेल्पलाइनला जोडलेल्या असतात. गल्लीतल्या दुकानदाराला त्याचं फार काही वाटत नाही. माझ्या केसमध्ये उपयोग शून्य, माझ्या भाचीच्या मोबाइलच्या बाबतीत मात्र रिफंड घरबसल्या आला.

"माझ्याकडे पक्कं बिलच नाही" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझ्याकडे पण नव्हतं, कच्ची पावती होती, त्यावर दुकानाचा शिक्का आणि कोणाचीतरी गिचमिड सही. तरी चालतं. यूपीआयची एंट्री, व्हॉट्सअपवर आलेलं कोटेशन, "मॅडम 50 टाका म्हणजे माल काढतो" हा मेसेज, हे सगळं मिळून व्यवहार सिद्ध होतो. आणि बिल न देणं हीच मुळात नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे तो मुद्दा तुमच्या विरुद्ध नाही, त्याच्या विरुद्ध जातो. अर्जात तसं एक वाक्य लिहा. व्हॉट्सअपचे स्क्रीनशॉट लावताना नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, नुसतं नाव सेव्ह केलेलं दिसून उपयोग नाही. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडा, पूर्वी 65-ब म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके कडक नसतात, पण जोडलं की समोरच्या वकिलाला आक्षेप घ्यायला जागा राहत नाही.

अर्ज कसा लिहायचा यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत आणि बहुतेक बघून डोकं फिरतं. मी अर्ज चार पानात संपवला. तारखेप्रमाणे घटना, प्रत्येक घटनेपुढे कागदाचा नंबर, शेवटी मागण्या. मागण्या स्पष्ट आकड्यात. "योग्य ती भरपाई मिळावी" असलं लिहू नका, योग्य म्हणजे किती ते कोण ठरवणार. रक्कम, त्यावर व्याज कधीपासून, मानसिक त्रासाचे किती, तक्रारीच्या खर्चाचे किती. आणि चिडून लिहू नका. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये दुकानदाराला दिलेली विशेषणं आमच्या ह्यांनी खोडली, वर म्हणाले "पेपरला पत्र लिहितेयस का?" चिडले तेव्हा, पण बरोबर होतं त्यांचं.

मिस्त्रींचं शपथपत्र हा सगळ्यात कठीण पार्ट होता. माणूस खरं बोलतो, फोटो दाखवतो, पण सही म्हटलं की "ताई, मला कोर्टात नका हो ओढू, धंद्यात सगळ्यांशी संबंध असतात." बरोबरच आहे त्यांचं. मी त्यांना सांगितलं की दुकान खोटं आहे असं काही लिहायचं नाही, तुम्ही बिजागर खोललं आणि आत काय दिसलं तेवढंच. दीड पानाचं झालं, वाचून दाखवलं, मग केली सही. असं शपथपत्र मिळालं नसतं तर मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा अर्ज करावा लागला असता. तशी सोय कायद्यात आहे, फी आधी तक्रारदाराला भरावी लागते आणि वेळ जातो.

एक साइड विषय, पण नाशिकमध्ये महत्त्वाचा. निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार विचारतात की आम्ही तर धंद्यासाठी घेतो, आम्ही ग्राहक कसे? बियाणं, औषध खराब निघालं तर शेतकरी ग्राहक धरला जातो, सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय. आणि त्यात असंही म्हटलंय की शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकतो, नमुना राखून ठेवायची त्याच्याकडून अपेक्षा करता येत नाही. तरी माझं म्हणणं, पिशवी, लेबल आणि बॅच नंबरचा फोटो ठेवा, आणि पीक गेल्याचं दिसल्या दिसल्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार करून पंचनामा करून घ्या.

आता प्रत्यक्ष तारखा. पहिल्यांदा अर्ज दाखल करून घेण्यावर थोडं बोलणं होतं, कायद्यात त्याला साधारण 21 दिवस दिलेत. मग सामनेवाल्याला नोटीस. नोटीस पोचल्यापासून लेखी जबाबाला त्याला 30 दिवस, फार तर 15 वाढवून. बस. 45 च्या पुढे आयोगाला पण वाढवता येत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोअरेजच्या केसमध्ये तसं सांगितलंय. हे पाठ करून ठेवा. नोटीस कोणत्या तारखेला बजावली गेली ते ट्रॅकिंगवर बघून डायरीत लिहा आणि 46 व्या दिवशी जबाब आला तर उभं राहून तेवढंच सांगा, "सर, नोटीस अमुक तारखेला बजावली, मुदत संपली, नो से ऑर्डर व्हावी" (म्हणजे जबाबाशिवाय केस पुढे चालावी). वकील नसलेल्या माणसाने एवढं नेमकं बोललं की समोरचे वकीलसाहेब जरा वळून बघतात.

माझ्या केसमध्ये जबाब मुदतीत आला. त्यात काय, तर किचन उत्तम होतं, ग्राहकाच्या सिंकला लिकेज होतं, ग्राहकाने निष्काळजीपणा केला. वाचून मला आधी रात्री झोप लागली नाही. मग शांतपणे कोटेशन परत वाचलं आणि माझ्या पुराव्याच्या शपथपत्रात एकच उत्तर लिहिलं, वॉटरप्रूफ म्हणून विकलेला माल सिंकखालच्या पाण्याने फुगला असेल तर तो वॉटरप्रूफ नव्हता, आणि मरीन प्लाय म्हणून विकलेला माल पार्टिकल बोर्ड निघाला त्याचा लिकेजशी संबंध काय. युक्तिवादात पण हेच.

सुनावणीच्या दिवशी काय होतं ते सांगते म्हणजे धास्ती जाईल. बाहेर बोर्डावर तुमचा नंबर बघायचा. पुकारा झाला की पुढे जायचं, नाव सांगायचं, "तक्रारदार स्वतः हजर". विचारतात वकील नाही का, "नाही, स्वतः चालवतेय". झालं. कोणी नाक मुरडत नाही, कायद्यात तुमचा तो हक्कच आहे. फाइलचा पान नंबर सांगत बोला, "पान 11 वर कोटेशन आहे, पान 19 वर फोटो". कागद द्यायचे संपले की पुरावा संपल्याची पुरसिस (लेखी निवेदन) द्यायची, दोन ओळींची असते, विसरली तर तारीख वाया जाते. प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्यात (त्या दिवशी काय झालं याची आयोगाची नोंद) काय लिहिलंय ते बघून घ्या.

आणि इथे दीड स्टार कापायला सुरुवात.

कायदा म्हणतो 3 महिन्यात निकाल, माल तपासायला पाठवायचा असेल तर 5. देशभरात कुठेही चौकशी करा, एवढ्यात लागलेली केस दाखवा म्हणावं. समोरचा वकील "तारीख मिळावी" म्हणतो, आपण ऑफिसमधून हाफ डे टाकून आलेलो असतो. कायद्यात लिहिलंय की सबळ कारण असल्याशिवाय तारीख द्यायची नाही आणि दिली तर खर्च लावता येतो. तो खर्च मागा. तोंडी नाही, छोटा अर्ज लिहून. मी मागितला, किरकोळ रक्कम मिळाली, पण पुढची तारीख त्यांनी मागितली नाही.

आणि दुसरी गोष्ट, बरोबरीची लढाई नाहीये ही. माझी नणंद कॅलिफोर्नियात असते, ती सांगत होती तिकडे स्मॉल क्लेम्स कोर्टात माणसाला साडेबारा हजार डॉलरपर्यंतचा दावा करता येतो आणि सुनावणीला वकील चालतच नाही, दोन्हीकडून आपापलं बोलायचं. आपल्याकडे तुम्ही एकट्या आणि समोर काळा कोट, असं सर्रास होतं. कायदा साध्या माणसासाठी लिहिलाय म्हणायचं आणि दुकानदाराला वकील आणू द्यायचा, मला हे काही पटत नाही.

मधे एकदा मध्यस्थीचा पर्याय विचारला जातो, दोघं तयार असतील तर. समोरचा अर्धी रक्कम लगेच द्यायला तयार असेल तर मनापासून विचार करा. माझा सामनेवाला "दुरुस्त करून देतो" वर अडून बसला होता, आणि त्याच माणसाला परत घरात घ्यायची माझी तयारी नव्हती.

निकाल माझ्या बाजूने लागला. सिंकखालच्या आणि ट्रॉलीच्या भागाची रक्कम व्याजासकट परत, मानसिक त्रासाचे 10 हजार (मागितले होते 1 लाख, हसू नका), तक्रारीचा खर्च 5 हजार. अख्ख्या किचनचे पैसे नाही मिळाले, कारण वरची कपाटं धड होती, आणि खरं सांगायचं तर ते मला योग्यच वाटलं. निकालाची प्रत पक्षकाराला फुकट मिळते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पण निकाल म्हणजे पैसे नाहीत! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. समोरच्याला राज्य आयोगात अपील करायला 45 दिवस असतात, त्यासाठी निकालातली निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणून छोट्या रकमेसाठी बरेच जण अपिलात जात नाहीत, नुसते गप्प बसतात. मग तुम्हाला दरखास्त (निकाल अमलात आणायचा अर्ज) टाकावी लागते. कलम 71 खाली दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली, आणि कलम 72 खाली आदेश पाळला नाही म्हणून शिक्षा, किमान 1 महिना ते 3 वर्षं कैद, किंवा 25 हजार ते 1 लाख दंड, किंवा दोन्ही. माझ्या दुकानदाराने निकालाकडे ढुंकून बघितलं नव्हतं, 72 ची नोटीस गेली आणि त्याच आठवड्यात फोन, "ताई, अकाउंट नंबर पाठवा ना." दोन-अडीच वर्षांनी "ताई" परत आली.

सगळ्यांनी स्वतःच चालवावं असं मी म्हणणार नाही. हॉस्पिटलच्या निष्काळजीपणाची केस, मोठा विमा क्लेम, बिल्डरचं प्रकरण, यात वकील लावा, तिथे तज्ज्ञांचे अहवाल आणि जुने निकाल लागतात. कलम पाठ असून भागत नाही. टीव्ही, फ्रिज, क्लासची फी, फर्निचर, ट्रॅव्हल बुकिंग, कुरिअरने फोडलेलं सामान, हे घरच्या घरी होण्यासारखं आहे. आणि मित्राला उसने दिलेले पैसे, घरमालकाने अडकवलेलं डिपॉझिट हे इथे आणू नका, तो दिवाणी कोर्टाचा विषय. तिथे मुदत 3 वर्षं, कोर्ट फी रकमेच्या हिशोबाने, पण लोक अदालतीत मिटलं तर ती फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. उसन्याचा चेक बाउन्स झाला असेल तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसात नोटीस गेली पाहिजे, त्यात चालढकल अजिबात नको.

बायकांसाठी एक. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, नवरा कितीही कमवत असो. 1987 च्या कायद्यात आहे. मला हे दरखास्तीच्या वेळी कळलं, तोपर्यंत फाइल तोंडपाठ झालेली म्हणून मी पुढे पण एकटीनेच केलं. ज्यांना जमणार नाही त्यांनी आधार कार्ड आणि कागद घेऊन सरळ तिथे जावं, अर्जाचा नमुना मागायला माझ्याकडे आलात तरी चालेल, नाव-पत्ता खोडून पाठवते.